मुलगा सातवीत, हातात मोबाईल : काय शिकवू, कुठं आवर घालू? (कोल्हापूर)

रंकाळ्याची_आई :
नमस्कार. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. शाळेचा आणि क्लासचा अभ्यास व्हॉट्सॲपवरच येतो, त्यामुळं मोबाईल द्यावाच लागतो. परवा गेममधल्या एका 'मित्रा'नं मुलाला फुकट स्किन (गेममधल्या खेळाडूचा नवा पोशाख) देतो म्हणून आधी माझा नंबर मागितला, मग त्यावर आलेला ओटीपी. नंबर देऊन झाला होता, पण ओटीपी द्यायच्या आधी पोरगं मला विचारायला आलं. मिस्टर म्हणतात, फोनच काढून घ्या. मला ते पटत नाही. तुमच्यात काय करता? एखादं ॲप चांगलं आहे का?

शाहूपुरीकर :
ताई, तो विचारायला आला, यातच निम्मं काम झालंय. आता फोन काढून घेतलात तर पुढच्या वेळी तो काही सांगणार नाही, हे दादांनाही सांगा. त्याला स्पष्ट शब्द द्या : "काहीही झालं तरी सांग, त्यासाठी फोन जाणार नाही." आणि तो पाळा.

ॲप म्हणाल तर गूगलचं फॅमिली लिंक फुकट आहे. नवीन ॲप टाकायला तुमची परवानगी लागते, वेळही ठरवता येते. तो ओटीपी बहुतेक तुमच्या व्हॉट्सॲपचा असणार. आजच सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन घाला. मुलाच्या व्हॉट्सॲपवर प्रायव्हसीमध्ये ग्रुप्सला 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, म्हणजे कुणीही अनोळखी माणूस त्याला ग्रुपात ओढणार नाही. युपीआयचा पिन मुलांसमोर टाकू नका, पोरांची नजर लई तेज असते.

कागलच्या_बाई :
मी हायस्कूलला शिकवते. माझ्या मते सगळ्यात आधी बघायचं ते जन्मसाल. इन्स्टाग्रामला तेराच्या आत खातं चालत नाही, म्हणून पोरं सरळ २००० साल टाकतात. मग इन्स्टा त्यांना मोठं माणूस समजतं. खरं वय टाकलं तर किशोरवयीनांचं खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी लोकांचे मेसेज अडतात आणि सोळाच्या आतल्यांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. खोट्या सालामुळं हे सगळं संरक्षण जातं. तुमचा सातवीतला असेल तर अजून थांबा, हेच माझं मत.

दुसरं, आपल्या गावात हे सांगायलाच पाहिजे. पेठांच्या फुटबॉलवरून पोरं एकमेकांना स्टेटसवर डिवचतात, आणि मैदानातलं भांडण घरापर्यंत येतं. जून २०२३ मध्ये तर दुसऱ्याच विषयावरच्या स्टेटसवरून शहर पेटलं, इंटरनेट बंद करावं लागलं. वर्गात मी मुलांना तेच विचारते : हे स्टेटस त्या पोराच्या आईनं बघितलं तर चालेल का? समोर उभं राहून बोलशील का? मुलं गप्प होतात, मग आपापसात बोलायला लागतात. नुसत्या नियमांनी तेवढं होत नाही.

उद्यमनगर_काका :
वर सगळं सावधगिरीचं आलं. पण समजा मुलानं किंवा मुलीनं नको तो फोटो पाठवलाच आणि समोरचा धमकी देतोय, "पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो." तेव्हा काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढतेच. चॅट उडवायचं नाही. मेसेज, समोरच्याचा आयडी आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवायचे आणि मगच ब्लॉक करायचं. मात्र तो फोटो नातेवाइकांना किंवा पालकांच्या ग्रुपवर 'बघा काय झालं' म्हणून अजिबात पाठवू नका. अठराच्या आतल्या मुलांचे असे फोटो बाळगणं-पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे.

तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करा. महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांसाठी तिथं वेगळा विभाग आहे, नाव न देताही तक्रार होते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही आहे : फोटो कुठंही अपलोड न करता तुमच्याच फोनवर त्याची एक खूण तयार होते आणि या सेवेत सामील असलेल्या इन्स्टासारख्या साइट्स त्या खुणेवरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात.

आणि त्या वेळी पोरावर ओरडू नका. ते आधीच घाबरलेलं असतं.

रंकाळ्याची_आई :
टू-स्टेपचा पिन लगेच घातला, बाकीचं आज रात्री दोघं मिळून बसून करतो. एकच अडचण आहे. माझा फोन मी आवरीन, पण मुलगी आजोबांच्या फोनवर यूट्यूब बघत बसते. त्यांना काही बोललं तर राग येतो.

कागलच्या_बाई :
आजोबांना रागवायचं कारणच नाही. त्या फोनवर यूट्यूब किड्स टाकून द्या आणि तिला तेच उघडायला शिकवा. त्यांच्या युपीआय ॲपला लॉक लावा. आणि त्यांनाही ओटीपीचं सगळं समजावून सांगा, फसवणारे त्यांनाही फोन करतात. नात आणि आजोबा दोघांना एकत्रच बसवा.