दहशतवादावरच्या थरार कादंबऱ्या: वेग की बोली?

रास्तापेठी: यादीवाल्याने कालच्या अशा कादंबऱ्यांच्या यादीखाली लिहिलंय, ‘थरार कादंबरीत वेग असला की पुरे, सांस्कृतिक ओळख वातावरणापुरती.’ साफ अमान्य. आपल्या पुण्यातल्या कोंढव्यातला मुसलमान पोरगा पहिल्या पानापासून लखनवी उर्दू झाडतो, तिथेच पुस्तक पडतं. तो ‘मेरेकू नक्को’ म्हणेल, ‘कायकू’ विचारेल. दखनीतल्या, म्हणजे इकडच्या दख्खनी उर्दूतल्या, ‘वैसाच’मधला ‘च’ तर आपल्या मराठीचा. तो ज्याच्या कानी पडला नाही, त्याने या विषयाला हात घालू नये.

कॅम्पातला: बोलीचं काय घेऊन बसलात! यादीतली निम्मी पुस्तकं तपासात बुडतात. कोठडीत आरोपी कबूल झाला की खटला संपला! अहो, पोलिसांपुढची कबुली साध्या कायद्यात आरोपीविरुद्ध चालत नाही, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यातही नाही. मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात चालते, पण नोंदवणारा अधिकारी अधीक्षक दर्जाचा किंवा वरचा हवा. यूएपीएत वाढते ती आरोपपत्राची मुदत, ९० वरून १८० दिवस, तीही सरकारी वकिलाच्या अहवालावर कोर्टाने दिली तर. खरा ताण या १८० दिवसांत असतो आणि लेखक ते एका परिच्छेदात उरकतात.

रास्तापेठी: मुदतीचं मानलं, नाइलाजाने. पण त्या दिवसांत आरोपीची आई वकिलाशी कसं बोलते? ती रत्नागिरीकडची असेल तर कोकणीत.

नानापेठकर: ओळख म्हटलं की फक्त मुसलमान पात्रच का? २००८ ला मुंबईत नरिमन हाऊस या ज्यूंच्या केंद्रावर हल्ला झाला, तरी कादंबऱ्यांत ज्यू म्हणजे परदेशी पाहुणाच. घरात मराठी बोलणारे आपले बेने इस्राएल ज्यू कुठे आहेत? शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’, आडनावं पेणकर, रोहेकर. आपलं लाल देऊळ, ते सिनेगॉग, त्यांचंच ना?

रास्तापेठी: नाही! लाल देऊळ डेव्हिड ससूनचं, म्हणजे बगदादी ज्यूंचं. बेने इस्राएलांचं सिनेगॉग सक्कत श्लोमो इथे रास्ता पेठेत आहे. दोन समाज एकाच पोत्यात भरायचे आणि वर लेखकांना बोल लावायचा!

नानापेठकर: देवळाची चूक कबूल. प्रश्न मात्र तसाच आहे, त्याला उत्तर द्या.

यादीवाला: ‘वातावरणापुरती’ हा शब्द मागे घेतो. वेगावर ठाम आहे. पुण्यात जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी स्फोट झाला, १७ जण गेले. तशा प्रसंगाआधी बोलीभाषेची तीस पानं लावलीत तर वाचक पुस्तक मिटेल.

रास्तापेठी: तीस पानं कोण मागतंय? धूर निघाल्यावर पोऱ्या ज्या हिंदीत ओरडेल, ती लिहा.