स्पीकर भिंतीपासून ओढायचे की भिंतीलाच ठेवायचे?

जुळे सोलापूरकर
आमचा हॉल दहा बाय चौदा. दहा फुटी भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत स्पीकर, अशी आठ वर्षं काढली. ख्याल लावला की तबल्याचा बाया घुमत राहायचा आणि त्याखाली तानपुरा गडप व्हायचा. गेल्या रविवारी मोजायची टेप घेऊन बसलो. स्पीकरच्या तोंडापासून मागची भिंत अडीच फूट, दोघांत अंतर सहा फूट, माझी खुर्चीही दोन्हीपासून सहाच फूट. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला, स्पीकर किंचित आत वळवलेले. फरशीवर खडूने खुणा करून ठेवल्या, कारण झाडताना हमखास हलतात.

गवई मधोमध येऊन बसला! तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू आल्या. कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळून खर्ज फुगवतात, त्याला ॲम्प्लिफायर काय करणार? माझं ठाम मत आहे, मनापासून ऐकायचं असेल तर स्पीकर ओढलेच पाहिजेत.

साखरपेठ
साफ अमान्य. आमचं माळवदाचं घर, एका खोलीत पाच माणसांचा वावर. मधे स्पीकर रोवून ठेवले तर आईने देवघराकडे जायचं कुठून?

आणि आवाजाचंच बोलायचं तर अडीच फूट हे अंतर फसवं आहे. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि ११० ते ११५ हर्ट्झच्या आसपास त्याची लाट मूळ लाटेच्या बरोबर उलटी पडून मूळ आवाजालाच खाते, तिथे खाच पडते. तुमचा बाया आवरला नाही, त्याचा एक घास गेला. लहान स्पीकर भिंतीला टेकून ठेवला तर ही खाच ३०० हर्ट्झच्या वर सरकते, तिथे आवाज बराचसा पुढेच जातो, त्यामुळे ती कमी बोचते. फक्त पाठीला भोक असलेला स्पीकर टेकवू नये आणि कोपरा टाळावा. खर्ज जास्त वाटला तर टोन कंट्रोलवर थोडा उतरवता येतो. गेलेला खर्ज मात्र वाढवून परत येत नाही.

विजापूर रोड
तुम्ही दोघंही मागच्या भिंतीवर अडलात. बाजूच्या भिंतींचं काय? खुर्चीवर बसा, दुसऱ्याला हातआरसा भिंतीवरून सरकवायला सांगा. आरशात जिथे ट्वीटर दिसेल, तिथून आवाज आपटून तुमच्या कानात येतोय. तिथे आपली सोलापुरी चादर दुहेरी करून टांगा. भिंतीला चिकटवू नका, चार बोटं तरी पोकळी ठेवा. आमच्याकडे एवढ्याने शब्द स्वच्छ झाले, स्पीकर इंचभर हलवले नाहीत.

जुळे सोलापूरकर
आरसा आजच करून बघतो. पण चादरीने फक्त वरचे सूर शांत होतात, घुमणाऱ्या खर्जाला ती कळतही नाही. माझं दुखणं खर्जाचं होतं.

साखरपेठ, खाचेचं मान्य. म्हणून भिंतीला टेकवणार नाही, अंतर कमी-जास्त करून बघीन.

होटगी रोड
जुळे सोलापूरकर, तुमची मापं कागदावर काढली. खुर्ची पुढच्या भिंतीपासून पावणेआठ फुटांवर येते, म्हणजे चौदा फुटांच्या जवळपास मध्यावर. या लांबीत ४० हर्ट्झचा सूर दोन्ही भिंतींशी चढतो आणि मध्यावर जवळजवळ मरतो. तुम्हाला जी स्वच्छता वाटतेय, त्यात हा गेलेला तळही आहे. ख्यालात चुकणार नाही, पण ढोल असलेली गाणी लावा, लगेच कळेल.

स्पीकर राहू द्या तिथेच. खुर्ची फूटभर मागे घ्या, पाठीमागच्या भिंतीपासून सव्वापाच फूट. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसायचा हा जुना आडाखा आहे, तो फक्त सुरुवात म्हणून धरायचा. पुढे तीन-तीन इंच सरकत कानाने ठरवा. माणसाला हलायला पैसे पडत नाहीत आणि साखरपेठेच्या आईंची वाटही अडत नाही.

साखरपेठ
हे पटलं. आमच्याकडे खुर्ची भिंतीलाच टेकलेली आहे, खर्ज तिथेच सर्वांत जास्त चढत असणार. स्पीकर मात्र हलवणार नाही.

जुळे सोलापूरकर
रात्री कूलर बंद करून फूटभर मागे बसलो. ढोल आला. तानपुरा अजून सुटाच आहे. खडूची नवी खूण केली.