छोट्या स्वयंपाकघरात 30 माणसांचं जेवण: भांडी, मांडणी, जागा कशी लावावी? (नाशिक)

ओटा_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला फ्लॅट आहे, स्वयंपाकघर 10 बाय 8, एल आकाराचा ओटा, सिंक एकच. दोन वर्षं झाली केळवणं, डोहाळजेवणं अशा 25-30 पानांच्या ऑर्डरी घेते, घरचे पाहुणे असतातच, आणि 2027 च्या सिंहस्थाला कोण कोण उतरणार याचे फोन आत्तापासून सुरू झालेत. भांडी भरपूर आहेत पण वेळेला हाताशी येत नाहीत. मागच्या महिन्यात भाचीचं केळवण घरीच केलं, बासुंदी तयार आणि ओगराळं कुठेच नाही, शेवटी माळ्यावर परातीखाली निघालं, तोवर पहिल्या पंगतीच्या उष्ट्या ताटांनी सिंक भरलं आणि कोथिंबीर धुवायलाही जागा नाही. भाची ताटावर थांबून राहिली, मला फार लागलं ते. ट्रॉल्या नव्याने करू की रॅक घेऊ? बजेट 20 हजार.

सातपूरकर
ट्रॉल्या नको. मोठे टोप त्यात बसत नाहीत आणि वजनाने चॅनल, म्हणजे सरकायच्या पट्ट्या, बसतात. स्लॉटेड अँगलची, म्हणजे भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्यांची मांडणी (रॅक) करून घ्या, अंबड-सातपूरला फॅब्रिकेटर भरपूर आहेत, आपल्या मापाची करून देतात. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर वर ठेवा म्हणजे झाडू-पोछा जातो. वर जड काही ठेवू नका.

पितळी_परात
ताई, मी पंचवटीत 14 वर्षं ऑर्डरी करते, सुरुवात तुमच्याएवढ्याच ओट्यावर केली. मांडणी घ्याच, पण त्याआधी एक करा. सगळी मोठी भांडी खाली काढा आणि लिटरच्या मापाने पाणी ओतून प्रत्येकाचं माप काढा, काठाच्या दोन बोटं खालपर्यंत. मग भांडी बाजारात नाव घालून देतात ना, तिथे जाऊन नावाऐवजी माप घालून घ्या. माझ्या एका टोपाच्या कडेला "8 लि. आमटी 30" असं कोरलंय, सासूबाईंच्या नावाच्या बरोबर शेजारी. माणशी पावणेदोनशे मिली आमटी धरली तर 30 जणांना सव्वापाच लिटर होते, उकळायला वर जागा हवी म्हणून 8 चा टोप. भाताचं तसंच, बाकी पदार्थ भरपूर असतील तर किलोभर तांदूळ 10-12 जणांना जातो, 3 किलोला 15 लिटरच्या खालचं पातेलं घेऊच नका. एकदा हे कोरलं की मदतीला आलेली नवी बाईसुद्धा न विचारता बरोबर भांडं उचलते.

दुसरं, भांडी जातीने लावू नका, कामाने लावा. सगळे डाव एकीकडे, सगळ्या पळ्या एकीकडे हे रोजच्या घराला ठीक. ऑर्डरीसाठी वाढपाचा एक क्रेट वेगळा: ओगराळी, भातवाढणी, चिमटे, मीठ-लिंबाची वाडगी, चार फडकी, कात्री, मार्कर. तो क्रेट रोजच्या स्वयंपाकाला उघडायचाच नाही, आणि पंगत उठली की धुऊन, पुसून, मोजून परत भरायचा. तुमचं ओगराळं हरवलं कारण ते रोजच्या वापरात फिरत होतं.

तिसरं सिंक. स्वयंपाक अडत नाही हो, अडतं ते उष्ट्यावर. उष्टी ताटं स्वयंपाकघरात येऊच देऊ नका. बाल्कनीत किंवा बाथरूमपाशी दोन टब, एकात खरकटं झाडायचं, दुसऱ्यात ताटं पाण्यात बुडवायची. सिंक शेवटपर्यंत स्वयंपाकाचंच.

पितळी पातेली असतील तर कलई बघून घ्या, उडालेली असेल तर चिंचेची आमटी, कढी त्यात अजिबात नको.

कॉलेजरोड_खवय्या
वरचं सगळं ऑर्डरीसाठी पटलं, पण घरचे पाहुणे असतात तेव्हा बाल्कनीत टब वगैरे बरं दिसत नाही आणि तिथेच तर लोक गप्पा मारत उभे असतात. आमच्याकडे पाणी, ग्लास, चहा-कॉफी हे सगळं किचनबाहेर एका टेबलावर असतं, त्याने निम्मी ये-जा थांबते, पाणी मागायला कोणी ओट्यापाशी येत नाही. मेनूही तसाच ठेवतो. मिसळ असेल तर मटकीची उसळ आणि तर्री तयार, फरसाण, कांदा, लिंबू, दही, पापड बाहेर, ज्याने त्याने वाढून घ्यायचं. किलोभर मटकी मोड आल्यावर दुपटीच्या वर जाते एवढं लक्षात ठेवून भिजवायची.

ओटा_इंदिरानगर
पितळी_परात काकू, माप कोरायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, रविवारीच जाते भांडी बाजारात. टबाचं घरच्या कार्यक्रमाला बाथरूमपाशी जमेल. अजून दोन प्रश्न. उरलेला भात मी पातेल्यासकट फ्रीजमध्ये ठेवते, चालतं ना? आणि गॅस घरचाच वापरते, कोणी काही म्हणत नाही.

पितळी_परात
दोन्ही चालत नाही गं. खोल पातेल्यातला भात मधे तासन्‌तास कोमट राहतो, भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि अशा कोमट भातात वाढतात, त्यांचं विष परत गरम केलं तरी जात नाही. परातीत पातळ पसर, पंख्याखाली निववून मग लहान डब्यांतून फ्रीजमध्ये, दोन तासांच्या आत. गरम वाढायचं ते 60 अंशांच्या वर, थंड ते 5 च्या खाली, स्वयंपाकाचा थर्मामीटर घे, महाग नसतो.

घरचा 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचा कमर्शियल घे, उभाच ठेवायचा, हवेशीर जागी. आणि अन्न परवान्याची नोंदणी केली नसशील तर तीही, घरून करणाऱ्यांनाही लागते, फॉसकॉस या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन होते. खर्च मांडणीच्या आधी यांच्यावर कर.

ओटा_इंदिरानगर
बरं काकू, आधी सिलिंडर आणि नोंदणी. मांडणी तीन फळ्यांचीच करते मग, बजेटमध्ये बसेल. सातपूरकर, फळ्यांमधलं अंतर किती ठेवू?

सातपूरकर
तुमचा सगळ्यात उंच टोप झाकणासकट मोजा, वर चार बोटं सोडा. त्या टोपाची फळी कमरेच्या उंचीला.