फक्त गिऱ्हाइकाची आवड हे कारण पुरेसं नाही

वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेत लोकांनाच सेडान (मागे वेगळी डिकी असलेल्या कार) नको होत्या, मग फोर्डने त्या कशाला विकायच्या? मला हे अर्धंच पटतं. एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने फिएस्टा, फोकस, फ्युजन आणि टॉरस या कार तिथे बंद करायचं जाहीर केलं. खप घसरत होता, छोट्या गाड्यांत नफाही फारसा नव्हता, हे खरंच आहे. पण गिऱ्हाइकाची आवड काही हवेतून येत नाही. पेट्रोल स्वस्त होतं, म्हणून मोठ्या गाड्या परवडत होत्या. शिवाय तिथल्या इंधनबचतीच्या नियमांत पिकअप आणि बऱ्याचशा एसयूव्ही 'लाइट ट्रक' म्हणून गणल्या जातात आणि त्यांना कारपेक्षा सैल मर्यादा असते. त्यात आयात पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के कर! युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, त्याचं हे उत्तर, आणि ते आजही चालू आहे. इतक्या संरक्षणात वाढलेल्या एफ-सीरिज या आपल्या पिकअपवर फोर्डने सगळा भर दिला तर नवल नाही.

टॉरस १९९२ ते १९९६ अशी सलग पाच वर्षं अमेरिकेत सर्वाधिक खपणारी कार होती, म्हणून तिचं जाणं मला जास्त लागतं. आणि टोयोटाची कोरोला, होंडाची सिव्हिक या कार तिथे अजून विकल्या जातातच की. बेताच्या पैशांत पहिली गाडी घेणारी तरुण मंडळी फोर्डने आपण होऊन टोयोटा-होंडाच्या हवाली केली, ही माझ्या मते यातली सर्वांत मोठी चूक.