स्टॅटिक लायब्ररी तयार होते, पण लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’

बाइटभर
उबुंटू २२.०४. लायब्ररी सी मध्ये आहे, वाचक.ओ आणि चेकसम.ओ अशा दोन कंपाइल झालेल्या (ऑब्जेक्ट) फाइली. वाचक.सी चं नाव गेल्या आठवड्यापर्यंत फाइल.सी होतं. त्यांची लायब्ररी बांधणारं ‘एआर आरसीएस लिबपाया.ए वाचक.ओ चेकसम.ओ’ विनातक्रार चालतं. मुख्य प्रोग्राम सी++ मध्ये आहे (-एलझेड म्हणजे झेडलिब ही कॉम्प्रेशनची लायब्ररी):

जी++ -एलझेड लिबपाया.ए मेन.ओ -ओ चाचणी

एरर दोन:
अनडिफाइन्ड रेफरन्स टू ‘रीड_हेडर’
अनडिफाइन्ड रेफरन्स टू ‘चेकसम(कॅर कॉन्स्ट*, इंट)’

‘एनएम लिबपाया.ए’ ने आतल्या नावांची यादी काढली, तर दोन्ही नावांपुढे मोठा टी दिसतो. म्हणजे फंक्शन्स आत आहेत. मग सापडत का नाहीत?

मेकफाइलवाला
क्रम उलटा आहे. लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) डावीकडून उजवीकडे एकदाच जातो. .ए फाइल समोर आली की त्या क्षणी जी नावं अडलेली असतील तेवढ्यांपुरतेच .ओ तो आतून उचलतो. तुमच्या कमांडमध्ये लिबपाया आली तेव्हा मेन.ओ वाचलेलीच नव्हती, त्यामुळे काहीच अडलेलं नव्हतं. आधी मागणारा, मग देणारा:

जी++ मेन.ओ लिबपाया.ए -एलझेड -ओ चाचणी

झेडलिब .सो (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी लायब्ररी) असली तरी शेवटीच ठेवा. उबुंटूचा जीसीसी ‘ॲज-नीडेड’ मुळातच लावतो, त्यामुळे आधी दिलेली .सो गरज नाही म्हणून गळते.

बाइटभर
रीड_हेडर गेला. चेकसम अजून तसाच.

टी_की_यू
दोन एररमधला फरक बघा. एकात नुसतं नाव आहे, दुसऱ्यात कंसात आर्ग्युमेंट्सचे प्रकार. कंस दिसले की समजायचं, मागणारा सी++ चं मँगल केलेलं (आर्ग्युमेंट्सचे प्रकार आत गुंफलेलं) नाव मागतोय. ‘एनएम मेन.ओ’ चालवा: यू (नाव हवंय, पण इथे नाही) च्या पुढे ‘_झेड८चेकसमपीकेसीआय’ असं काहीतरी दिसेल. लायब्ररीत मात्र साधं ‘चेकसम’ आहे. वाचक.एच मध्ये ‘एक्स्टर्न सी’ (नावं मँगल करू नको, ही सूचना) असणार आणि चेकसम.एच मध्ये राहून गेलं असणार. घोषणांभोवती एक्स्टर्न सी चा ब्लॉक घाला. ब्लॉकच्या उघडत्या आणि मिटत्या दोन्ही ओळी ‘इफडेफ __सीप्लसप्लस’ मध्ये ठेवा, नाहीतर सी कंपायलर अडेल. मग फक्त मेन.ओ परत कंपाइल करा, लायब्ररीला हात लावायची गरज नाही.

एक आधीच सांगतो: -एलझेड अजून पुढेच ठेवलं असेल तर यानंतर झेडलिबमधल्या ‘सीआरसी३२’ ची तक्रार येऊ शकते. काही बिघडलं म्हणून नव्हे. चेकसम.ओ आता पहिल्यांदा उचललं जाईल आणि त्याच्या स्वतःच्या मागण्या तेव्हाच पुढे येतील. एआर नुसतं गाठोडं बांधतो, कोणाला काय लागतं ते लिहून ठेवत नाही.

मेकफाइलवाला
आणि ते नाव बदलल्याचं: एआर चा ‘आर’ जुने सदस्य (आतल्या .ओ फाइली) काढत नाही. ‘एआर टी लिबपाया.ए’ करा, फाइल.ओ अजून आत बसलेलं दिसण्याची शक्यता दाट आहे. हे सगळ्यांत वाईट, कारण एरर येत नाही, गुपचूप जुनाच रीड_हेडर चालतो. वाचक.ओ मधल्या एखाद्या नव्या फंक्शनमुळे दोन्ही उचलले गेले तरच लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून ओरडतो. मेकफाइलमध्ये एआर च्या ओळीआधी ‘आरएम -एफ लिबपाया.ए’ टाका.

बाइटभर
फाइल.ओ होतंच आत. काढलं, हेडर दुरुस्त केलं, बिल्ड झाला.