प्रोफाइल म्हणजे थोतांड? मग हे वाचाच

दादरचा प्रिंटवाला:
काल इथे एकाने लिहिलं, "प्रोफाइल म्हणजे थोतांड. चार टेस्ट प्रिंट काढा, मॅजेन्टा कमी-जास्त करा, झालं काम." नवशिके हे वाचून शाई फुकट घालवतील, म्हणून सविस्तर लिहितोय. प्रोफाइल म्हणजे आपल्या प्रिंटर-शाई-कागदावर कुठला रंग कसा उमटतो याची नोंद असलेली फाइल; तिच्यावरून छापताना रंग दुरुस्त होतात. मॅजेन्टा कमी करून चेहरा जमतो, पण त्याच फोटोतली पैठणी बिघडते, कारण प्रत्येक रंगातली चूक वेगळी. म्हणून शेकडो चौकोनांचा चार्ट कलर मॅनेजमेंट (सॉफ्टवेअरची रंगदुरुस्ती) बंद ठेवून छापायचा, डाय शाई असेल तर दिवसभर वाळू द्यायचा, मग स्पेक्ट्रोने, म्हणजे रंग मोजायच्या यंत्राने, मोजायचा. त्या मापांवरून प्रोफाइल बनतं. प्रिंटर, शाई, कागद यांतलं एक जरी बदललं तरी नवं प्रोफाइल.

गिरगाव स्टुडिओ:
ते मीच लिहिलं. लग्नसराईत रात्री ११ वाजता ४०० प्रिंट द्यायचे असतात, तेव्हा चार्ट वाळत घालू? एकदा पैसे मोजून प्रोफाइल करून घेतलं होतं. सगळे चेहरे लालभडक!

दादरचा प्रिंटवाला:
काका, फोटोशॉपमध्ये प्रोफाइल लावून ड्रायव्हरचा कलरही (प्रिंटरच्या सॉफ्टवेअरची स्वतःची रंगदुरुस्ती) चालूच ठेवला असणार. दोनदा दुरुस्ती झाली की लाली येते. आणि चार्ट कशातून छापलात? फोटोशॉपमधून 'नो कलर मॅनेजमेंट' हा पर्याय २०१० साली सीएस-५ आवृत्तीतच गेला. त्यासाठी अडोबीची वेगळी युटिलिटी आहे.

ठाणेकरीण:
तुमची यंत्रं राहू द्या. माझी बहीण सावळी आहे, आईसारखी. अल्बमवाल्याने न विचारता तिला गोरी केली. आई पानं उलटत म्हणाली, "यात आपली कुठली?"

गिरगाव स्टुडिओ:
बाई, गिऱ्हाईकच मागतं. "जरा उजळ करा" हे रोज ऐकतो. नाही केलं तर प्रिंट परत येतात, पैसे अडकतात.

ठाणेकरीण:
आम्ही मागितलं नव्हतं. तुम्ही सगळे न विचारताच करता, राग त्याचाच आहे. हळदीचे फोटोसुद्धा फिके केले!

दादरचा प्रिंटवाला:
उजळ करायचंय तर विचारून फाइलमध्ये करा. प्रिंटरने फाइलशी इमान राखावं, एवढ्यासाठीच प्रोफाइल.

गिरगाव स्टुडिओ:
इमान मला शिकवू नकोस. तू शाळेत होतास तेव्हा मी डार्करूममध्ये फिल्टर बदलून रंग जुळवत होतो.

फोर्टचा कागदवाला:
भांडा, पण कागदाकडेही बघा. जुलैत पाकीट उघडं राहिलं की कागद ओल धरतो, शाई पसरते. मेमधलं प्रोफाइल मग काय करणार? शिवाय प्रोफाइलचा हिशेब ५००० केल्विनच्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा, आणि लोक प्रिंट बघतात दुकानातल्या ट्यूबखाली.

दादरचा प्रिंटवाला:
ओलीचं मान्य. माझेही दोन चार्ट पावसात वाया गेलेत.

गिरगाव स्टुडिओ:
ड्रायव्हरचा कलर बंद करून तोच जुना फोटो आत्ता काढला. लाली गेली. हिरवा अजून पिवळट आहे, त्यामुळे तू जिंकलास असं मी म्हणणार नाही. चार्टची फाइल पाठव, माझ्याच कागदावर छापतो. आणि ठाण्याच्या बाई, विचारायला हवं होतं, हे खरं.