घरचे विरोध करतात म्हणजे आदेश देवाचाच, हे कुठून आलं?

आर्वीकडचा कास्तकार
काल इथं एका दादानं लिहिलं की ध्यानात आदेश मिळाला, वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला देऊन गावोगाव प्रवचनं करायची. बायको रडते, बाप बोलत नाही, पण ‘घरचे आडवे येतात म्हणजेच मार्ग खरा, त्यांचा अहंकार दुखावला आहे’. खाली सगळे हात जोडून मोकळे. मला राहवलं नाही.

आदेश कोणाचा हे त्या घडीला आतून कळत नाही. मन बोललं तरी ऊर भरून येतो, देव बोलला तरी येतो. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर मडकी ठोकायचं थापटणं मारलं ती कथा आठवा. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले. आणि ते कोण, तर पांडुरंगाशी बोलणारे! तरी मडकं कच्चं ठरलं, औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागलं. तिथं आपली काय कथा? म्हणून मी पाहतो की आदेशात मी कुठं बसलो आहे. गादीवर, गळ्यात हार, समोर गाव, असं दिसत असेल तर थांबावं. उलंगवाडी होईतो, म्हणजे पिकाचा हंगाम संपेतो, थांबलं तर खरा आदेश पळून जात नाही.

मोर्शीचा वारकरी
भाऊ, ही कसोटी संतांनाच लावून पाहा. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि कवित्व कर म्हणाले. गुरू बाबाजींचा मंत्रही स्वप्नातच मिळाला. घरी बायको आवली काय कमी बोलत होती? आपले तुकडोजी महाराज पोरवयात सालबर्डी, रामटेकच्या रानात गेले. तेव्हा तुमच्यासारखा कोणी ‘थांब’ म्हणाला असता आणि त्यांनी ऐकलं असतं, तर मोझरीला गुरुकुंज उभं राहिलं नसतं. हाक आली त्यानं गावकीचं मत घेत बसायचं का?

आर्वीकडचा कास्तकार
विरोधावरून ना इकडचं सिद्ध होतं ना तिकडचं, एवढं तुमचं घेतो. पण उदाहरण अर्धं सांगू नका. तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली ती आपल्या वाट्याची कर्जखतं. भावाच्या वाट्याची आधी भावाला दिली. दादाचं वावर अजून बापाच्या नावावर आहे, त्यानंच लिहिलंय.

धुऱ्यावरचा
आमच्या काकाच्या सपनात मारोती आला. म्हणे धुऱ्यावर मंदिर बांध. काकानं कर्ज काढून बांधलं, अन् संगमरवरी पाटीवर मारोतीचं नाव बारीक, काकाचं ठळक! शेजाऱ्यानं मोजणी आणली, आता तहसीलच्या चकरा. मारोतीले पाटी पायजे होती का? अन् सप्ताहवाले तसेच. एकराच्या हिशेबानं वर्गणी, नाही देल्ली त माइकवर नाव. पहाटपासून भोंगा. पोरगी दहावीले आहे, तिनं अभ्यास कवा करावा?

विणेकरी
सप्ताहाले हात लावू नका! रातच्या पहाऱ्याले मी वीणा घेऊन उभा रायतो, मंडपात पाहाले कोणी नसते. वीणा खाली ठेवता येत नाही. दुसरा आला का आपण त्याच्या पाया पडाचं, त्यानं आपल्या, मंग वीणा त्याच्या गळ्यात. तिथं लहान-मोठा रायत नाही. तुया काकाच्या पाटीपायी आमाले काऊन झोडपतं?

धुऱ्यावरचा
वीणा चांगली. काल्याच्या कीर्तनकाराचं पाकीट केवढं, ते सांग. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत, कोणाले पाया पडू देत नसत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेले देऊन टाकली. तुमचे महाराज गाडीतून उतरले का अख्खं गाव रांगेत!

विणेकरी
पाकिटावर मी समितीत बोललो, माहीत नसताना बोलू नको. अन् भंडाऱ्यात तुया घरचेबी जेवतात.

दारव्ह्याची ताई
पाकीट आणि भोंगा नंतर भांडा. माझ्या दिरांना आदेश आला, ते नर्मदा परिक्रमेला गेले. मागं तूर कोणी सोंगली? जाऊबाईंनी. सालदाराचे पैसे, बचत गटाचा हप्ता, सासूबाईंचं औषध, सगळं तिच्यावर. ते परतले तेव्हा गावानं बॅंड लावला, आणि ती मागच्या अंगणात पंगतीच्या पुऱ्या लाटत होती. त्या दिवशी तिच्या पाया कोणी पडलं नाही.

आता उलटंही ऐका. माझ्या आईला पोथीचा अर्थ सांगायची फार ओढ होती. अर्धी पोथी तोंडपाठ. मंदिरात तिला म्हणाले, बाई, हा तुझा अहंकार आहे. ती गप्प झाली ती कायमची. पुरुषाला वाटलं तर आदेश आणि बाईला वाटलं तर अहंकार, हा निवाडा कोणी केला? आर्वीकर भाऊ, तुमच्या कसोटीवर माझी आई नापास होते. तिला चार लोकांपुढं बसायचंच होतं.

आर्वीकडचा कास्तकार
ताई, याला माझ्याकडं लगेच उत्तर नाही. कसोटी सोडत नाही, पण तुमची, म्हणजे राबावं कोणाला लागतं ही, तिच्याआधी लावतो. तुमच्या आईच्या पोथीनं दुसऱ्या कोणाला राबावं लागलं नसतं. दादाच्या प्रवचनांनी त्याच्या बायकोला लागेल.

मोर्शीचा वारकरी
तसं तर आवलीलाही राबावं लागलं. म्हणून तुकोबांची हाक खोटी म्हणाल का? माझं म्हणणं तेच आहे. पण वावर बापाचं असेल तर बटईचा कागद करू नये, हे मानावं लागतं.

आर्वीकडचा कास्तकार
दादा, वाचत असशील तर सांग, कागद झाला का? वहिनीला विचारलंस का?

विणेकरी
अन् भोंग्याचं म्हणाल त परीक्षेपुरता काकडा बिगर माइकचा करू. हरिपाठाले माइक राहीन.

धुऱ्यावरचा
परीक्षेपुरता काऊन? नववीची पोरं झोपत नाही का?